अधिवृक्क ग्रंथीचा कर्करोग : नोंद व सांकेतिक वर्गीकरण यांचा इतिहास

रोगाचे स्थान, प्रकार व प्रसार यांची ठराविक शब्दांत केलेली लेखी नोंद म्हणजे वैद्यकीय नोंद होय. त्या नोंदीला एका मान्य आंतरराष्ट्रीय यादीतील अंक देण्याच्या क्रियेस सांकेतिक वर्गीकरण म्हणतात व त्या अंकास संकेतांक म्हणतात. मृत्यूच्या कारणांची कोष्टके, रुग्णालयांची आकडेवारी, कर्करोगाच्या नोंदवह्या आणि काही देशांत रुग्णालयांना मिळणारी देयके यांचा आधार हे संकेतांक असतात. सामान्य रोगांच्या बाबतीत एखाद-दुसऱ्या अंकाची चूक मोठ्या संख्येत लोपून जाते. विरळ रोगांच्या बाबतीत मात्र तेवढ्याच चुकीने सगळे चित्र बदलते. अधिवृक्क ग्रंथीचा कर्करोग हे याचे एक उत्तम उदाहरण असून या रोगाच्या नोंदीचा इतिहास हा रोगवर्गीकरणाच्या एकूण इतिहासाचाच एक बोलका भाग आहे.

ग्रंथी व तिचे रोग : अधिवृक्क ग्रंथी दोन असून प्रत्येक वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) माथ्यावर एक याप्रमाणे त्या असतात. प्रौढ माणसात प्रत्येकीचे वजन सु. ४ ते ५ ग्रॅ. भरते. ग्रंथीचे बाह्यक (बाहेरचा भाग) व मध्यक (आतला भाग) असे दोन भाग असून भ्रूणावस्थेतील त्यांचा उगम भिन्न आहे. बाह्यकातून कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरोन व पुंस्त्वकारक हॉर्मोने स्रवतात, तर मध्यकातून ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन स्रवतात. यामुळे एकाच ग्रंथीत परस्परांशी काहीही संबंध नसलेली अर्बुदे (गाठी) उद्‌भवतात. बाह्यकापासून साधे ग्रंथ्यर्बुद किंवा बाह्यक-कर्करोग, मध्यकापासून फिओक्रोमोसायटोमा आणि लहान मुलांत न्यूरोब्लास्टोमा (तंत्रिका-जनक कोशिकांचा कर्करोग) हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. बाह्यक-कर्करोगाचे प्रमाण दर वर्षी दर १० लाख लोकसंख्येमागे सु. ०·७ ते २ एवढेच आहे. म्हणजे १ कोटी वस्तीच्या महानगरात वर्षाला साधारणपणे ७ ते २० रुग्ण अपेक्षित असतात.

याउलट शरीराच्या इतर भागांतील कर्करोगाचे प्रक्षेप (मूळ स्थानापासून दूर जाऊन रुजलेल्या दुय्यम गाठी) या ग्रंथीत वारंवार आढळतात. फुप्फुस, स्तन, वृक्क यांचे कर्करोग आणि कृष्णकर्करोग हे त्यांचे नेहमीचे उगम होत. कर्करोगाने मृत्यू पावलेल्या १,००० व्यक्तींच्या शवपरीक्षांचा जो अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला, त्यात सु. २७ टक्के शवांत अधिवृक्क ग्रंथीमध्ये प्रक्षेप सापडले होते. कागदावर केवळ ‘अधिवृक्क ग्रंथीचा कर्करोग’ एवढेच शब्द असतील, तर तो मूळचा की दुय्यम हे त्यांवरून कळत नाही. दुय्यम गाठी मूळ रोगाच्या अनेक पटींनी अधिक असल्यामुळे त्यांतील अगदी थोड्या जरी चुकीच्या रकान्यात गेल्या, तरी मूळ रोगाची संख्या फुगते. नोंदीच्या साऱ्या नियमांचा खटाटोप मुख्यतः या एका भेदासाठी आहे.

ग्रंथीच्या रोगांची ओळख : इटालियन शारीरविज्ञ बार्तोलोमेओ एऊस्ताकी यांनी १५६४ च्या सुमारास या ग्रंथींचे प्रथम वर्णन केले, परंतु त्यांचे कार्य पुढील तीन शतके अज्ञात राहिले. लंडनच्या गाय रुग्णालयातील टॉमस ॲडिसन (१७९३–१८६०) यांनी १८५५ मध्ये अकरा रुग्णांच्या नोंदींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. वाढता अशक्तपणा, त्वचेचा काळसरपणा व अखेर मृत्यू या लक्षणांचा संबंध त्यांनी या ग्रंथींच्या नाशाशी जोडला. या अकरांपैकी बऱ्याच रुग्णांत नाशाचे कारण क्षयरोग होते, तर काहींत इतरत्र उद्‌भवलेल्या कर्करोगाचा प्रसार होता. अधिवृक्क ग्रंथीतील दुय्यम कर्करोगाची पद्धतशीर नोंद अशा रीतीने या विषयाच्या पहिल्याच ग्रंथात सापडते. पुढील वर्षी शार्ल एद्वार ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांतील ग्रंथी काढून टाकून त्या जीवनावश्यक असल्याचे दाखविले. १८८६ मध्ये फेलिक्स फ्रेंकेल यांनी जर्मनीत एका तरुणीच्या दोन्ही ग्रंथींतील अर्बुदांचे वर्णन केले आणि १९१२ मध्ये लूटव्हिख पिक यांनी अशा अर्बुदास फिओक्रोमोसायटोमा हे नाव दिले. त्यावरील पहिल्या यशस्वी शस्त्रक्रिया लोझान येथे सेझार रू यांनी व अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी १९२६ मध्ये केल्या.

नावामुळे होणाऱ्या घोटाळ्याचे एक जुने उदाहरण याच काळातील आहे. १८८३ मध्ये जर्मन विकृतिवैज्ञानिक पाउल ग्राव्हिट्स यांनी असे मत मांडले की, वृक्कातील काही पिवळसर अर्बुदे तेथे चुकून राहिलेल्या अधिवृक्क ऊतकाच्या अवशेषांपासून उद्‌भवतात. या मतामुळे वृक्काच्या सामान्य कर्करोगाला ‘हायपरनेफ्रोमा’ म्हणजे शब्दशः ‘वृक्काच्या वरचे अर्बुद’ असे नाव पडले. पुढे हे मत चुकीचे ठरले, तथापि नाव मात्र अनेक दशके रुग्णालयांच्या कागदपत्रांत टिकून राहिले. अर्थ पाहून संकेतांक देणारा कर्मचारी अशा रुग्णाची नोंद अधिवृक्क ग्रंथीकडे करील, तर परंपरा जाणणारा ती वृक्काकडे करील. आजच्या अर्बुद-वर्गीकरणात हा शब्द कालबाह्य म्हणून दाखविला असून तो वृक्ककोशिकांच्या कर्करोगाखालीच दिलेला आहे. रूढ नाव व खरे स्थान यांत असे अंतर पडत असल्यामुळेच संकेतांकांच्या ग्रंथांना शब्दसूचीची जोड द्यावी लागते.

मृत्यूच्या याद्या व फार यांचे कार्य : मृत्यूच्या कारणांची मोजदाद लंडनमधील साप्ताहिक मृत्युपत्रकांपासून सुरू झाली. या पत्रकांच्या आधारे जॉन ग्राँट यांनी १६६२ मध्ये आपले प्रसिद्ध निरीक्षणपर पुस्तक लिहिले. मृताच्या घरी जाऊन कारण ठरविण्याचे काम बहुधा वृद्ध स्त्रियांकडे असे. या याद्यांत कर्करोग, कोथ (ऊतकांचा नाश) व नाडीव्रण यांची एकत्र गणना झालेली दिसते. अठराव्या शतकात फ्रान्समधील फ्रांस्वा ब्वास्ये द सोव्हाज, स्वीडनमधील कार्ल लिनीअस आणि स्कॉटलंडमधील विल्यम कलेन यांनी वनस्पतींच्या वर्गीकरणाच्या धर्तीवर रोगांचे वर्ग, गण व जाती पाडल्या. ही वर्गीकरणे लक्षणांवर आधारलेली होती. शरीराच्या आत दडलेल्या व हयातीत न दिसणाऱ्या अवयवाच्या रोगाला त्यांत स्वतंत्र स्थान मिळणे शक्य नव्हते.

इंग्लंड व वेल्समध्ये १८३७ साली जन्म-मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली आणि तेथील महानोंदणी कार्यालयात विल्यम फार (१८०७–८३) यांची संख्याशास्त्रीय कामावर नेमणूक झाली. एकाच रोगाला तीन-चार नावे आणि एकाच नावाखाली अनेक रोग अशी स्थिती असताना कोष्टकांना अर्थ राहत नाही, हे त्यांनी आपल्या अहवालांतून सातत्याने दाखवून दिले. १८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने फार आणि जिनीव्हाचे मार्क देस्पीन यांच्यावर समान यादी तयार करण्याचे काम सोपविले. १८५५ च्या पॅरिस परिषदेत दोघांनी दोन वेगळ्या याद्या मांडल्या. देस्पीन यांनी रोगाच्या स्वरूपावर भर दिला होता. फार यांनी साथीचे रोग, सर्वांगीण रोग, अवयवानुसार मांडलेले स्थानिक रोग, वाढीशी निगडित रोग आणि आघात असे पाच गट केले होते. परिषदेने दोहोंची तडजोड करून १३९ बाबींची यादी स्वीकारली. ही तडजोड सर्वत्र रूढ झाली नाही, परंतु स्थानिक रोग अवयवानुसार मांडण्याचे फार यांचे तत्त्व पुढील सर्व वर्गीकरणांत टिकले.

बेर्तीयाँ यांची यादी : झाक बेर्तीयाँ (१८५१–१९२२) हे पॅरिस नगराच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेली यादी आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने १८९३ मध्ये शिकागो येथील अधिवेशनात स्वीकारली. १९०० मध्ये पॅरिस येथे २६ देशांच्या प्रतिनिधींनी तिचे पहिले पुनरीक्षण केले, तेव्हा तीत १७९ गट होते. त्यानंतर साधारणतः दर दहा वर्षांनी तिचे पुनरीक्षण करण्याचा प्रघात पडला. आरंभीच्या याद्यांत कर्करोगाची विभागणी मुख, जठर व यकृत, आतडी व पर्युदर, स्त्री-जननेंद्रिये, स्तन, त्वचा आणि ‘इतर अवयव’ अशी होती. अधिवृक्क ग्रंथीचा कर्करोग या शेवटच्या संमिश्र गटात जाई. ॲडिसन रोगाला त्याच यादीत स्वतःचे स्थान होते. म्हणजे ग्रंथीचा नाश मोजला जात होता. तिच्यातील कर्करोग मात्र मोजला जात नव्हता. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी या रोगाचे प्रमाण किती होते, हे त्या काळातील कोष्टकांवरून ठरविता येत नाही.

मूळ कारणाची संकल्पना : १९४८ मधील सहावे पुनरीक्षण जागतिक आरोग्य संघटनेच्या आधिपत्याखाली झाले. मृत्यूबरोबरच आजारांचीही नोंद त्यात प्रथम समाविष्ट झाली आणि मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याचा आंतरराष्ट्रीय नमुना ठरविण्यात आला. या नमुन्यात तात्कालिक कारण वर, त्याला कारणीभूत झालेले त्याखाली आणि साखळीच्या आरंभी असलेले मूळ कारण सर्वांत खाली लिहितात. कोष्टकांत या मूळ कारणाची गणना होते. समजा, एका व्यक्तीच्या दाखल्यात पहिल्या ओळीत अधिवृक्क-न्यूनता, दुसऱ्या ओळीत अधिवृक्क ग्रंथींतील दुय्यम कर्करोग व तिसऱ्या ओळीत फुप्फुसाचा कर्करोग असे लिहिले आहे. अशा मृत्यूची गणना फुप्फुसाच्या कर्करोगात होईल. डॉक्टराने तिसरी ओळ कोरी सोडली व दुसऱ्या ओळीतील ‘दुय्यम’ हा शब्द गाळला, तर तोच मृत्यू अधिवृक्क ग्रंथीच्या मूळ कर्करोगात मोजला जाईल आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक बळी गणनेतून नाहीसा होईल.

पुढील पुनरीक्षणांत या ग्रंथीला स्वतंत्र अंक मिळाला. १९७५ च्या नवव्या पुनरीक्षणात तिच्या मूळ कर्करोगासाठी १९४·०, दुय्यम कर्करोगासाठी १९८·७ व साध्या अर्बुदासाठी २२७·० असे अंक होते. परंतु बाह्यक व मध्यक यांत भेद केलेला नव्हता. १९९० मध्ये मान्य झालेल्या व १९९४ पासून वापरात आलेल्या दहाव्या पुनरीक्षणात तो भेद आला. त्यात सी ७४·० हा बाह्यकाचा, सी ७४·१ हा मध्यकाचा आणि सी ७४·९ हा भाग न सांगितलेल्या कर्करोगाचा संकेतांक होय. दुय्यम कर्करोगासाठी सी ७९·७, साध्या अर्बुदासाठी डी ३५·० आणि ज्याचे वर्तन निश्चित करता येत नाही अशा अर्बुदासाठी डी ४४·१ असे अंक आहेत. अमेरिकेने आपल्या रुग्णालयांसाठी केलेल्या व २०१५ पासून लागू झालेल्या रूपांतरात आणखी एक अंक वाढवून उजवी व डावी ग्रंथी यांतही फरक केला.

हॉर्मोने स्रवणाऱ्या अर्बुदांमुळे आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. रुग्ण कर्करोगासाठी नव्हे, तर उच्च रक्तदाब, मधुमेह, चेहऱ्याची गोलाई किंवा अकाली पुंस्त्वलक्षणे यांसाठी डॉक्टरकडे येतो. ही नोंद कर्करोगाच्या प्रकरणात करावी की अंतःस्रावी ग्रंथींच्या? दहाव्या पुनरीक्षणाने यावर असा नियम घातला की, मुख्य अंक अर्बुदाचा द्यावा आणि त्याच्या स्रावी क्रियेसाठी अंतःस्रावी रोगांच्या प्रकरणातील दुसरा अंक जोडता येईल. या नियमाच्या स्पष्टीकरणासाठी ग्रंथकारांनी निवडलेले उदाहरणच अधिवृक्क ग्रंथीच्या मारक फिओक्रोमोसायटोमाचे असून त्यासाठी सी ७४ व जोडीला ई २७·५ असे अंक सांगितले आहेत.

अर्बुदाचा प्रकार व वर्तन : केवळ अवयव सांगून कर्करोगाचे स्वरूप कळत नाही. यासाठी अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९५१ मध्ये अर्बुदांची नावे व संकेतांक यांची एक पुस्तिका काढली. तीत ऊतकीय प्रकाराच्या अंकापुढे वर्तनाचा अंक जोडण्याची कल्पना होती. १९६५ मध्ये अमेरिकन विकृतिवैज्ञानिकांच्या महाविद्यालयाने आपली व्यापक नामावली प्रसिद्ध केली. या दोहोंच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने १९७६ मध्ये अर्बुदविज्ञानासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय वर्गीकरण तयार केले. त्याची दुसरी आवृत्ती १९९० मध्ये व तिसरी २००० मध्ये निघाली. या वर्गीकरणात चार अंक ऊतकीय प्रकाराचे असतात. तिरप्या रेषेनंतरचा पाचवा अंक वर्तनाचा असतो : ० म्हणजे साधे, १ म्हणजे अनिश्चित, २ म्हणजे जागच्या जागी असलेला कर्करोग, ३ म्हणजे मूळ मारक, ६ म्हणजे प्रक्षेप आणि ९ म्हणजे मूळ की प्रक्षेप हे अनिश्चित. बाह्यकाच्या ग्रंथ्यर्बुदाचा अंक ८३७०/० व कर्करोगाचा ८३७०/३ असून दोहोंत फक्त शेवटचा अंक वेगळा आहे. न्यूरोब्लास्टोमाचा अंक ९५००/३ आहे. कर्करोगाच्या नोंदवह्यांत ६ व ९ हे अंक वापरत नाहीत. प्रक्षेप सापडल्यास त्याचा मूळ अवयव शोधून तेथे ३ हा अंक देतात आणि मूळ अवयव न सापडल्यास तशी वेगळी नोंद करतात.

हा शेवटचा अंक ठरविणे विकृतिवैज्ञानिकालाही सोपे नसते. बाह्यकाच्या साध्या व मारक अर्बुदांच्या कोशिका सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याचदा सारख्या दिसतात. एल्. एम्. वाइस यांनी १९८४ मध्ये यासाठी नऊ सूक्ष्मदर्शकीय निकष सुचविले. १९८९ मध्ये सुधारलेल्या स्वरूपात त्यांपैकी तीन किंवा अधिक आढळल्यास अर्बुद मारक समजतात. म्हणून विकृतिवैज्ञानिकाच्या अहवालात निष्कर्षाबरोबर हे निकषही लिहिणे आवश्यक ठरते. अर्बुदाचे आकारमान, वजन व शिरांतील प्रवेश यांचा उल्लेखही त्यात असावा लागतो. कारण रोगाची अवस्था त्यांवरून ठरते. अवस्था ठरविण्याची अर्बुद, लसीका ग्रंथी व प्रक्षेप या तीन बाबींवर आधारलेली पद्धत फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद प्येर दन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात विकसित केली. अधिवृक्क बाह्यकाच्या कर्करोगासाठी मॅकफार्लेन यांनी १९५८ मध्ये चार अवस्था सुचविल्या, सलिव्हन व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये त्यांत सुधारणा केली आणि अधिवृक्क अर्बुदांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या यूरोपीय संघटनेने २००८ मध्ये नवी विभागणी मांडली. यांपैकी पहिली अवस्था सर्वांत ५ सेंमी. पर्यंतच्या व ग्रंथीतच मर्यादित असलेल्या अर्बुदाची आहे. अहवालात माप न लिहिल्यास रुग्णाची अवस्था नंतर कोणालाही सांगता येत नाही.

एका अंकाचा बदल : फिओक्रोमोसायटोमाच्या बाबतीत वर्तनाच्या अंकाचे महत्त्व विशेष रीतीने प्रत्ययास आले. पूर्वी अशी बहुतेक अर्बुदे साधी मानून त्यांना ८७००/० हा अंक देत व प्रक्षेप आढळलेल्यांनाच ८७००/३ देत. परंतु वरवर साध्या दिसणाऱ्या अर्बुदापासूनही अनेक वर्षांनी प्रक्षेप होतात आणि कोणत्या अर्बुदापासून ते होतील हे सूक्ष्मदर्शकाने निश्चित सांगता येत नाही, असा अनुभव होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अंतःस्रावी अर्बुदांच्या वर्गीकरणात साधा व मारक हा भेद सोडून देण्यात आला आणि अशा सर्व अर्बुदांत प्रक्षेपाची क्षमता आहे, असे मानण्यात आले. अर्बुद-वर्गीकरणाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित आवृत्तीत त्यांना ८७००/३ हा अंक मिळाला. ती २०२० पासून वापरावी अशी शिफारस होती. अमेरिकेत ती २०२१ पासून लागू झाली. या बदलानंतर नोंदवह्यांतील अधिवृक्क मध्यकाच्या कर्करोगांची संख्या वाढणे अटळ होते. ही वाढ कागदावरची आहे, रोगातील नाही. मागील व पुढील वर्षांची तुलना करणाऱ्याने बदलाचे वर्ष लक्षात घेतले नाही, तर नसलेल्या साथीचा शोध लागण्याचा धोका आहे.

कर्करोगाच्या नोंदवह्या : ठराविक प्रदेशातील सर्व कर्करोगग्रस्तांची सतत नोंद ठेवण्याचा आरंभ हँबर्ग येथे १९२० नंतरच्या दशकात झाला. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याची नोंदवही १९३५ पासूनच्या रुग्णांची असून डेन्मार्कची राष्ट्रीय नोंदवही १९४२ मध्ये सुरू झाली. भारतातील अशी पहिली नोंदवही इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबई येथे १९६३ मध्ये सुरू केली. डॉ. डी. जे. जस्सावाला यांचा तीत पुढाकार होता. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने १९८१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली.

पाश्चात्त्य देशांपैकी काहींत रुग्णालयाने नोंदवहीकडे माहिती पाठविण्याची पद्धत आहे. मुंबईत मात्र नोंदवहीचे कर्मचारी स्वतः रुग्णालये, विकृतिविज्ञानाच्या प्रयोगशाळा व महानगरपालिकेची मृत्युनोंदणी कार्यालये येथे जाऊन कागद तपासत आले आहेत. उपचारासाठी शहरात आलेला परगावचा रुग्ण व शहराचा रहिवासी यांत भेद करावा लागतो. किमान एक वर्ष वास्तव्य असलेल्यालाच रहिवासी मानतात. एकच रुग्ण तीन रुग्णालयांत तीन प्रकारे लिहिलेल्या नावाने आढळतो, तेव्हा वय, पत्ता व रोगाचे स्थान जुळवून त्याची एकच नोंद ठेवावी लागते. अधिवृक्क ग्रंथी दोन असल्या, तरी आंतरराष्ट्रीय नियमानुसार जोडीच्या अवयवांत एकाच प्रकारचा कर्करोग दोन्ही बाजूंना झाल्यास तो एकदाच मोजतात. निदान कशाच्या आधारे झाले याचाही अंक असतो. ज्यांची माहिती केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून मिळाली, अशांचे प्रमाण जेवढे कमी व ऊतकपरीक्षेने सिद्ध झालेल्यांचे जेवढे अधिक, तेवढी नोंदवही विश्वसनीय मानतात.

नोंदींचा उपयोग : अशा काटेकोर गणनेतून प्रत्यक्ष उपचारांवर परिणाम करणारे निष्कर्ष निघाले आहेत. ब्राझीलच्या दक्षिण भागात बालकांतील बाह्यक-कर्करोगाचे प्रमाण इतर देशांच्या सु. १० ते १५ पट असल्याचे आढळून आले. त्याचा मागोवा घेताना २००१ मध्ये टीपी ५३ या जनुकातील एका विशिष्ट आनुवंशिक बदलाशी त्याचा संबंध जोडण्यात आला. रोग विरळ असल्याने एकेका रुग्णालयाला तो जास्त वाटला असता, तरी तुलना करण्यासाठी समान अंकांत केलेली इतर देशांची गणना नसती, तर ते सिद्ध झाले नसते.

दुसरे उदाहरण जपानमधील आहे. न्यूरोब्लास्टोमा पुष्कळदा अधिवृक्क मध्यकात उद्‌भवतो व त्याचे द्योतक पदार्थ मूत्रात सापडतात. म्हणून जपानमध्ये १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून सहा महिन्यांच्या सर्व बालकांची मूत्रपरीक्षा करण्याची राष्ट्रव्यापी योजना राबविण्यात आली. नोंदलेल्या रुग्णांची संख्या बरीच वाढली. परंतु मोठ्या वयाच्या मुलांतील वाढलेल्या अवस्थेतील रोग त्या प्रमाणात घटला नाही. परीक्षेत सापडणाऱ्या अर्बुदांपैकी अनेक आपोआप विरून जाणारी होती आणि त्यांसाठी बालकांवर अनावश्यक उपचार होत होते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात व जर्मनीत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतही मृत्यूंत घट दिसली नाही. जपानने २००४ मध्ये ही योजना थांबविली. केवळ रुग्णसंख्या मोजली असती, तर योजना यशस्वी वाटली असती. वय, अवस्था व मृत्यू यांची वेगवेगळी नोंद असल्यामुळेच तिचे खरे मूल्य कळले.

देयके व संकेतांक : अमेरिकेत वृद्धांसाठी असलेल्या शासकीय विमा योजनेने १९८३ पासून रुग्णालयांना निदान-गटानुसार ठराविक रक्कम देण्यास सुरुवात केली. येल विद्यापीठात विकसित झालेले हे गट संकेतांकांवरून ठरतात. यामुळे नोंद ठेवण्याच्या कामाला आर्थिक महत्त्व आले व त्यासाठी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र व्यवसाय वाढीस लागला. अनुमानावर नव्हे, तर डॉक्टराने लिहिलेल्या शब्दांवरच अंक द्यावा, हा या व्यवसायाचा पायाभूत नियम होय. ‘अधिवृक्क गाठ’ एवढेच लिहिलेले असल्यास अंक देणाऱ्याने ती कर्करोग मानू नये व शंका डॉक्टरला विचारावी. यातून दुहेरी हिताचे रक्षण होते : रुग्णाच्या नावावर नसलेला रोग चढत नाही आणि असलेला रोग सुटत नाही. मात्र देयकासाठी दिलेले अंक व रोगप्रमाणाच्या अभ्यासासाठी दिलेले अंक यांचे हेतू वेगळे असल्याने पहिल्यांवरून दुसऱ्यांचे निष्कर्ष काढताना सावधगिरी बाळगावी लागते.

अकरावे पुनरीक्षण : जागतिक आरोग्य सभेने मे २०१९ मध्ये मान्य केलेले अकरावे पुनरीक्षण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. संगणकावर वापरण्यासाठीच ते रचलेले आहे. त्यात अधिवृक्क ग्रंथीच्या मूळ कर्करोगाचा अंक २ डी ११ हा असून बाजू, ऊतकीय प्रकार वगैरे तपशील जोड-अंकांनी दर्शविता येतात. अवयवाची यादी व अर्बुदप्रकाराची यादी यांचे सु. सात दशके समांतर चाललेले प्रवाह त्यामुळे एकाच चौकटीत आले आहेत.

भारतात १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाखाली मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला देण्याची तरतूद असून रुग्णालयातील मृत्यूंसाठी व रुग्णालयाबाहेरील मृत्यूंसाठी वेगळे नमुने आहेत. दोन्हींत कारणांची साखळी लिहिण्याच्या ओळी सारख्याच आहेत. अधिवृक्क ग्रंथीच्या कर्करोगाच्या बाबतीत या ओळींत चार गोष्टी स्पष्ट असल्या, म्हणजे पुढील सर्व वर्गीकरण बिनचूक होऊ शकते : रोग मूळचा की दुय्यम, बाह्यकाचा की मध्यकाचा, कोणत्या बाजूचा आणि निदान कशावरून झाले. वर्षाला मोजकेच रुग्ण असलेल्या या रोगाविषयीचे ज्ञान निरनिराळ्या देशांतील नोंदी एकत्र करूनच वाढत आले आहे. म्हणून एका रुग्णाच्या कागदावर यांपैकी एखादी गोष्ट लिहावयाची राहून जाते, तेव्हा त्या कागदापुरतीच हानी होत नाही. त्याच रोगाच्या पुढील रुग्णाला उपयोगी पडणारा अनुभवही त्याबरोबर नाहीसा होतो.